एमएच-०८ पाटी दिसली की पळ काढायचा? (जुनी पोलो जीटी, गंज आणि घाटावरचं शहाणपण)

खाडीकाठ (धागाकर्ता)

परवा एका पोराने साधा प्रश्न विचारला होता. चिपळुणात २०१४ची पोलो जीटी टीएसआय आहे, एमएच-०८ म्हणजे रत्नागिरीची पाटी, दुसरा मालक, ७४ हजार किलोमीटर, मागतायत तीन लाख दहा हजार. घ्यावी का? त्यावर 'घाटमाथा' यांचं उत्तर दोन ओळींचं: "कोकणातली गाडी म्हणजे वरून रंग दिलेला गंज. पुण्याची एमएच-१२ उचल, डोळे झाकून." लोकांनी माना डोलावल्या. तिथेच लिहिलं असतं तर पोराच्या प्रश्नाचा बाजार उठला असता, म्हणून हा वेगळा धागा.

पाटीवरून गाडी कुठे नोंदली एवढंच कळतं. ती राहिली कुठे हे तळ सांगतो. एमएच-१२ची गाडी दर जोडून आलेल्या सुट्टीला हर्णै-मुरुडच्या पुळणीवर चाकं रुतवून फोटो काढत असेल, आणि एमएच-०८ची गाडी देवरुखात सह्याद्रीच्या पायथ्याशी पडवीत उभी असेल. मग खारी कुठली आणि गोडी कुठली?

आता पुराचं. २२ जुलै २०२१ म्हटलं की सगळे चिपळूणकडे बोट दाखवतात, बरोबरच आहे. पण ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापुरात गाड्या टपापर्यंत बुडाल्या, त्या कुठे गेल्या? डिसेंबर २०१५च्या चेन्नईतल्या? धुऊन-पुसून देशभर विकल्या गेल्या. एमएच-०९, एमएच-१० या पाट्या 'घाटावरच्या'च आहेत बरं का.

डोळे झाकून नाही, उघडे ठेवून हे बघायचं:

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पूर्ण. रिळावरचा शेवटचा वीतभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर पाणी त्या उंचीपर्यंत आलं होतं. मग पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, ते जमिनीलगत असतात आणि बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. डिकीतली स्टेपनी उचलून खळग्यातलं रबरी बूच काढा. गालिचा कडेने उचकटून खालचा फोम दाबा. वरून कोरडा लागतो, आतून महिनोन्महिने ओला राहतो. गालिचा कोरा करकरीत आणि सीटकव्हर जुनं असेल तर विचारा का. आणि इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझलाच पाहिजे. त्याचं मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली, म्हणजे खालीच असतं, पुरात आधी तेच जातं. दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

हे सगळं पुण्यातही करायचं आणि चिपळुणातही.

घाटमाथा

माझं नाव घेऊन धागा, मानाचा फेटा समजतो. दोन ओळीत लिहिलं कारण पोराला सल्ला हवा होता, प्रबंध नको होता.

अपवाद सगळीकडे असतात हो. पण दोन गाड्या समोर असतील, बाकी सगळं सारखं, तर मी समुद्रापासून लांबचीच घेणार. सहा महिने हवा दमट, वर खारे वारे. ब्रेकचे लोखंडी पाइप, मागची बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी तुळई), सायलेन्सरचे हँगर, एसीचा कंडेन्सर, सगळ्याला लागतं. पोलोचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला आहे म्हणून उड्या मारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) आणि ब्रेक पाइप म्हणजे तो पत्रा नव्हे. पाणी आलेली गाडी हेरायचे तुमचे मुद्दे मान्य. गंजाच्या मुद्द्यावर तुम्ही फक्त विषय बदललात.

सातवा_गिअर

गंज-गंज काय चाललंय? ही जीटी टीएसआय आहे. १.२ टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, आणि जोडीला ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोन्ही क्लच कोरडे, तेलाचा थंडावा नाही. गाडी यावर घ्यायची किंवा सोडायची, बाकी सगळं नंतर.

कोरडा क्लच मोकळ्या रस्त्यावर मजेत चालतो. मरतो तो रांगेत. गणपतीत महामार्गावर चार तास फूट-फूट सरकायचं, किंवा कुंभार्लीला ट्रकच्या मागे माणसाच्या चालीने चढायचं, तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पहिल्या-दुसऱ्यात थरथर सुरू होते. तीच थंड गाडीत लपते. म्हणून विकणारा गाडी सकाळी थंड दाखवतो.

तपासणी अशी. गाडी थंड असताना डी आणि आर टाकून बघा, एक-दोन सेकंदांत पकड आली पाहिजे, धक्का नको. मग अर्धा तास चालवून तापवा. तापल्यावर सपाटीवर ब्रेक हळूच सोडत माणसाच्या चालीने दहा वेळा पुढे, दहा वेळा मागे. नंतर चढावर थांबून उठवा. परशुराम घाट जवळच आहे. थरथर, उशीर किंवा गिअरचा आकडा लुकलुकला तर नमस्कार करून परत या.

आणि स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय पैसे देऊ नका. पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे कोड मेकाट्रॉनिकच्या, म्हणजे डीएसजीचे गिअर-क्लच हलवणाऱ्या भागाच्या, दाबाचे. मेकाट्रॉनिक नवीन घातलं तर लाखाच्या वर जातं, म्हणजे गाडीच्या एक तृतीयांश. कोड पुसून ठेवले असतील तर स्कॅन करा, पन्नास किलोमीटर चालवा, पुन्हा स्कॅन करा. कोडसोबत किती किलोमीटरला तो आला तेही साठवलेलं असतं. मीटर ७४ हजार दाखवतंय आणि कोड ९१ हजाराला आलेला, असं दिसलं तर समजा मीटर मागे फिरवलाय.

पत्रा_पाना

डीएसजीवाल्याला +१, पण गंजाचंही ऐकून घ्या, दोघेही अर्धं बोलताय.

कोकणात पावसाने गंज चढतो हा समज उलटा आहे. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो उघड्या पत्र्यावरचं मीठ धुऊन नेतो. गंज चढतो तो पाऊस पोचत नाही तिथे: मडगार्डच्या आतली कड, सिलची (दारांखालच्या आडव्या पट्टीची) पोकळी, दाराच्या खालची घडी, मागच्या बीमचा वरचा भाग. नोव्हेंबर ते मे तिथे मीठ साचत जातं. साधं मीठ हवेत ७५ टक्के दमटपणा झाला की पाणी ओढतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओढायला लागतं. म्हणजे जानेवारीच्या कोरड्या हवेतही त्या फटी ओल्याच.

बघायचं कसं? गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, जॅकवर भागत नाही. जॅक लावायच्या जागांची कड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज हवा, बद आवाज आला तर आत पापुद्रे आहेत. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजलेली आहेत का बघा. ब्रेकचा पाइप मागच्या बीमजवळ क्लिपमधून जातो, तिथे क्लिप जरा सरकवून खाली बोट फिरवा. वरचा गंज बोटाला लागतो आणि पुसला जातो. खड्डे लागले तर पाइप बदलायचा, चर्चा नाही. पत्र्याला कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे ओढ कमी तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय. कोणाकडे मायक्रॉन मीटर असेल तर उत्तमच: कंपनीचा रंग साधारण १००-१५० मायक्रॉन, दुबार रंग २००च्या वर, ५०० दिसलं तर पुट्टी.

आणि तळाला काळी अँटी-रस्ट ताजी, चकचकीत मारलेली दिसली तर मी सगळ्यात आधी संशय घेतो. विकायच्या आठवड्यात कोणी प्रेमाने कोटिंग मारत नाही.

कवच

हे अर्धवट ज्ञान पसरवणं थांबवा. कोटिंग वाईट नाही, मारणारे वाईट आहेत. तळ प्रेशरने धुऊन, दोन दिवस सुकवून, तारेच्या ब्रशने सैल गंज काढून, रस्ट कन्व्हर्टर, वर इपॉक्सी प्रायमर आणि मग रबराइज्ड कोट, अशा क्रमाने केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. सिलच्या पोकळीत मात्र कोट नाही, कॅव्हिटी वॅक्स मारायचं, ते पातळ असतं आणि फटीत सरकतं.

पत्रा_पाना

दोन दिवस सुकवून! जुलैत चिपळुणात दोन दिवसांत काय सुकतं ते सांगा, लोकांचे कपडे तरी वाळतील. प्रत्यक्षात सकाळी गाडी येते, संध्याकाळी काळी होऊन जाते. ओल्या गंजावर रबर म्हणजे जखमेवर प्लास्टिक. वरून गुळगुळीत, आतून पत्रा सडतोय, आणि कोटने पाण्याची भोकंही बुजवली. त्यापेक्षा उघडा पत्रा बरा, दिसतो तरी.

कवच

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं. जुलैत करायला मी सांगितलं नव्हतं. तुम्हीच जुलै काढलात.

पत्रा_पाना

मार्चमध्ये केलं तर ठीक. लिहून ठेवा, मी 'ठीक' म्हणालो.

बांगडाफ्राय

आमच्याकडे काळां ऑइल मारतत खालसून. फुकट आणि पन्नास वर्षांचो अनुभव.

कवच

आणि पन्नास वर्षं लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फुगून फाटतायत ते? इंजिन ऑइल नेहमीच्या रबराला फुगवतं. वर पहिल्या पावसात तेच ऑइल तुमच्या परसातल्या विहिरीत. बैलगाडीच्या कण्याला लावा, पोलोला नको.

इथेनॉल_विरोधी

सगळे मुद्दे गौण. जुनी टर्बो गाडी आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, यावर कोणी बोलेल का? २०१४च्या गाडीचे होस, सील ई-२० साठी बनलेलेच नाहीत. इथेनॉल पाणी शोषतं. गाडी मुंबईकराची असेल, वर्षात दोनदा गावी येते आणि बाकी टाकीत तेच पेट्रोल सडतंय, तर इंजेक्टर...

सातवा_गिअर

यावर तीन धागे आधीच आहेत, तिकडे जा. एवढंच घ्या: फार काळ उभी राहिलेली गाडी असेल तर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला, इंधनाच्या पाइपला नाक लावून वास घ्या. पुढे.

घाटमाथा

एक साधा उपाय कोणी सांगितला नाही. विमा बघा. पुरानंतर नूतनीकरण केलेल्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आला असेल तर आधीच्या वर्षी क्लेम झालाय, म्हणजे पुराची गाडी. संपला विषय. सीटबेल्ट ओढत बसायची गरज नाही.

आकडेमोड

अर्धसत्य. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली की नव्या मालकाच्या नावावर तो शून्यापासून सुरू होतो. हा दुसरा मालक आहे. त्याने २०२१मध्ये घेतली असेल तर शून्य दिसू शकतं, पूर आला असो की नसो. पहिल्या मालकाची पॉलिसी मागा, आणि विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास काढा. पूर्ण विमा न काढता नुसता थर्ड पार्टी असेल तर मात्र क्लेम दिसणारच नाही, आणि पुरात बुडालेल्या जुन्या गाड्यांत तसल्याच पुष्कळ. म्हणून सीटबेल्ट ओढायचाच.

घाटमाथा

बोनसचं मान्य. विमा एजंट इथे फुकट मिळतात हे माहीत नव्हतं.

बलेनोप्रेमी

तीन लाखांत कशाला नसती उठाठेव? थोडे वर घाला, २०१७ची बलेनो आरएस घ्या. १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० न्यूटन-मीटर, साधा ५ गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क. डीएसजीची डोकेदुखी नाही, घाटात दुसऱ्या-तिसऱ्यात मस्त ओढते. क्लच तपासायचा तर चौथ्यात ताशी ४० वर एकदम पूर्ण रेस द्या. आरपीएम वाढले आणि वेग नाही वाढला तर क्लच सरकतोय. एवढं सोपं.

सातवा_गिअर

क्लच सोपा, टर्बो विसरलात. आरएसचं इंजिन नेहमीच्या बलेनोचं नाही, त्याचे सुटे भाग प्रत्येक दुकानात टांगलेले नसतात. कुठलीही टर्बो असो, घाट उतरताना चार-पाच मिनिटं पाय काढून इंजिनब्रेकवर या, मग खाली एकदम रेस द्या आणि मागच्याला बघायला सांगा. निळा धूर म्हणजे व्हॉल्व्हचे किंवा टर्बोचे सील गेले. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडवून आत बोट घाला. तेलाचा पुसट थर चालतो, थेंब गळत असतील तर नाही.

शिवाय रीमॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवणं. जीटी घेणाऱ्यांना खाज असतेच. बंपरच्या आत बाजारचा एअर फिल्टर, कापलेली स्प्रिंग, १८५/६० आर१५ च्या जागी रुंद टायर दिसले तर गाडी 'खेळलेली' समजा. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरच्या मर्यादेचा. रीमॅप त्याच्या जवळ नेऊन ठेवतो आणि बिल नव्या मालकाला.

आकडेमोड

गाडी चांगली निघाली तरी हे खर्च किमतीतून उतरवा: टायरवरचे चार आकडे वाचा (२३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा), सहा वर्षांच्या वरचे असतील तर चारही बदला, खाच कितीही असो. पुढचे लोअर आर्म बुश, लिंक रॉड, इंजिन माउंट. आमच्या महामार्गाची कृपा. कागदात मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायचा ३५ आणि बँकेचं पत्र. विमा १४ दिवसांत नावावर करा. गाडी २०१९च्या आधीची आहे, नवी सुरक्षा पाटी बसलीय का बघा. चलनं आधी भरून घ्या विकणाऱ्याकडूनच.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचं खरं. पण गंजावर मूळ उपाय कोणीच बोललं नाही: गोड्या पाण्याने तळ धुणं. पुळणीवरून आली की त्याच दिवशी, नाहीतर पंधरा दिवसांनी एकदा, खालून पाइप लावून पंधरा मिनिटं. मडगार्डच्या आत, सिलखाली, मागच्या बीमवर. कोटिंग-फिटिंग नंतर.

पत्रा_पाना

आणि 'गोडं' पाणी कुठून आणता? खाडीकाठच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात. बोअर तर डिसेंबरपासून. त्याच पाण्याने लोक रोज भक्तिभावाने गाडी धुतात आणि म्हणतात, रोज धुऊनसुद्धा गंजली!

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्या विहिरी मचूळ नसतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी उलट फारच हलकं असतं.

पत्रा_पाना

चढावरच्या. खाजणालगतच्या नाही. तुमचं नाव 'खाडीकाठ' आहे म्हणून विचारतोय.

घाटमाथा

हा हा. म्हणजे कोकणात गाडी धुतली तरी गंजते, नाही धुतली तरी गंजते. मी काय म्हणत होतो?

खाडीकाठ (धागाकर्ता)

तुम्ही 'डोळे झाकून' म्हणत होतात. आणि तुमच्याकडची माणसं पुळणीवर गाडी घालून समुद्राच्या पाण्यात डोनट मारतात, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, मग घरी जाऊन वरून शाम्पू लावतात. खाली कोण बघतं? तीच गाडी 'पुण्याची, एकहाती' म्हणून विकायला. पुळणीवर कासवं अंडी घालतात, मुलं खेळतात, तिथे तुमची एसयूव्ही रुतली की आमच्या गावाने ट्रॅक्टर आणायचा.

घाटमाथा

माझी गाडी पुळणीवर कधी गेली नाही. सगळ्या पुण्याचा हिशोब माझ्याकडे मागू नका.

खाडीकाठ (धागाकर्ता)

आणि तुम्ही सगळ्या कोकणाचा मागू नका!

बांगडाफ्राय

अरे, त्या पोराक गाडी घेवची आसा. तुमी पाण्याचो टँकर घेवन बसलात.

प्रश्नकर्ता_चिपळूण

मीच तो पोरगा. काल गाडी रॅम्पवर घेतली, धागा मोबाइलवर उघडा ठेवून. सीटबेल्ट चारही शेवटपर्यंत स्वच्छ, रुळांचे बोल्ट चांगले, एअरबॅगचा दिवा बरोबर. मागच्या बीमवर वरवरचा गंज, बोटाला लागला, पुसला गेला. ब्रेक पाइपला एका क्लिपखाली खड्डे आहेत. मायक्रॉन मीटर मिळाला नाही, चुंबक सगळीकडे चिकटलं.

मग अर्धा तास चालवली. सपाटीवर सहाव्या-सातव्या वेळी पहिल्यात थरथर सुरू झाली, परशुरामला चढावर उठवताना तर सगळा डॅशबोर्ड हलला. स्कॅनला पी१७बीएफ, ६८ हजाराचा. मालक म्हणतात "सेन्सरचं असेल". सोडली.

सातवा_गिअर

दुसऱ्याच प्रतिसादात लिहिलं होतं. त्यानंतर तुम्ही सगळे विहिरीत उतरलात. असो. मालक लाख-सव्वालाख कमी करत असेल तर अजून बोलता येईल, पण ते पैसे बाजूला काढून ठेवायचे आणि पहिल्याच महिन्यात मेकाट्रॉनिकवाल्याकडे जायचं. चालवून बघू म्हणायचं नाही.

बलेनोप्रेमी

आरएस. एवढंच बोलतो.

घाटमाथा

एमएच-१२ घेतली असती तर हे झालं नसतं.

आकडेमोड

पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कोरडा क्लच जास्त टिकतो असं म्हणायचंय का तुम्हाला? हिंजवडीच्या रांगेत?

घाटमाथा

...ते एक सोडून.

कवच

पत्रा_पाना, तुमच्या मचूळ पाण्यावरून आठवलं. पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो, विहिरीत बुडवला की आकडा दाखवतो. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत उत्तम मानतात. त्याच्या वर असेल तर गाडी धुऊ नये, पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवून वापरावं.

पत्रा_पाना

पागोळ्यांचं पाणी मे महिन्यापर्यंत कोणाच्या टाकीत उरतं ते आधी सांगा. आणि मीटर कितीला पडतो?